मामी आणि भिजलेली चादर

शरीराविषयी कुठलाही प्रश्न विचारायला न लाजणारी बाई ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकच असेल, आणि ती माझी मामी. ठाण्याच्या एका नर्सिंग कॉलेजात तिने तीस वर्षं शरीरशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतली आपली सोसायटी शिकवायला घेतली. उचकी का लागते हे ती मेथी निवडता निवडता वॉचमनला समजावून सांगे. एका हळदीकुंकवात साड्यांच्या गप्पा रंगलेल्या असताना तिने यजमानीणबाईंना शांतपणे विचारलं, की पाळी गेल्यापासून अचानक घाम फुटतो का? मग तासभर बायकांत दुसरा विषय निघाला नाही. मामा अशा वेळी पेपर जरा उंच धरत, एवढंच.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तिच्याकडे गेलेले ते रडवेली होऊनच. नवऱ्याजवळ असताना, अगदी सुखाच्या क्षणी, माझ्या अंगातून एकदम पाणी जायचं, चादर भिजायची. लघवीवरचा ताबा गेला असं समजून मी चार महिने वेगळी झोपत होते. कल्याणच्या एका डॉक्टरांनी मान वर न करता तपासणी लिहून दिलेली. तपासणीत काही निघालं नाही. मामीने खोकताना, जिना चढताना असं होतं का, जळजळ होते का, सगळं विचारून घेतलं. मी नाही म्हटल्यावर तिचे डोळे लकाकले. पुढचे आठ दिवस ती शोधनिबंध वाचत होती. झेरॉक्सवाल्याने मथळा बघून कागद पालथे करून दिले, तर हिने ते तिथेच सुलटे करून पानं नीट लागली आहेत का ते पाहिलं.

मग तिने मला आणि नवऱ्याला चहाला बोलावलं आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आकृती काढली. मूत्रमार्गाच्या बाजूला बारीक ग्रंथी असतात, पुरुषांच्या प्रोस्टेटच्या जातीच्या. त्यांतून काहींना थोडासा दुधाळ स्राव येतो, त्यात प्रोस्टेटमधलंच एक प्रथिन सापडतं. भरपूर पाणी येतं ते मात्र बहुतांशी मूत्राशयातलं, पातळ झालेलं. कितीजणींना असं होतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण दुखत-खुपत नसेल तर हा आजार नव्हे.

नवऱ्याचे कान लाल झालेले. त्याने विचारलं, "म्हणजे हिला मी नकोसा झालो नव्हतो?"

मामीने पेन्सिल खाली ठेवली आणि ती चहा गरम करायला आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले. गॅसकडे बघतच ती म्हणाली, "वर्गात एका मुलीने मला हेच विचारलेलं गं. मी म्हटलं, अभ्यासक्रमात नाही, खाली बस."

मग गॅस बारीक करून म्हणाली, "तिचं नाव आठवत नाही. नाहीतर आज फोन केला असता."