मुद्दाम सोडलेला गजगा
काल कपाट आवरताना एक राखाडी गजगा, सागरगोटा म्हणतात तो, हाताला लागला आणि इतक्या वर्षांनी पुन्हा माझा मलाच राग आला. साठ सालाच्या सुमारास मी आचऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. बाळ दगावल्यापासून एक शब्दही न बोललेल्या सुनेला तिची सासू रोज सकाळी आमच्या ओसरीवर आणून बसवायची. पंधरा दिवस मी तिला नाना प्रश्न विचारले. ती नुसती माडांकडे बघत बसे, गोळी दिली की थुंकून टाके, आणि मी चरफडत पुढच्या पेशंटकडे वळे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, प्रश्न पुरे. तिच्याशी खेळा." मी पाच गजगे आणले. समोर बांगडे वाळत पडलेले, त्यांचा वास नाकात, आणि मी वेड्यासारखी एकटीच गजगे उडवतेय, असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिने हात पुढे केला, आणि काय तो हात! पाचही गजगे अलगद झेलायची. ती जिंकली तर बोलेल, असं माझ्या डोक्यात शिरलं, म्हणून मी एक सोपा झेल मुद्दाम सोडला. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "खेळात माका फसवतंस," ती म्हणाली, "मगे तुझ्या औषधाचो भरवसो कसो धरू गो?" ती उठून गेली ती परत आली नाही. आत डॉक्टरांना फक्त तिचा आवाज ऐकू गेला होता. त्यांनी आनंदाने कागदावर लिहिलं, 'पेशंट बोलू लागली', आणि मला शाबासकी दिली. ती काय बोलली, हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.