मर्ल स्टँगरने बसवलेली आरोळी

मर्ल स्टँगर ऑर्लिनच्या शाळेत एकतीस वर्षं सुतारकाम शिकवत होता. सकाळ-दुपार शाळेची बस तोच चालवायचा, आणि ऑगस्ट उजाडला की फुटबॉलच्या पोरांना घेऊन मैदानात उतरायचाही तोच. तिन्ही कामं एकाच टोपीत चालायची. त्याची बायको ओपल म्हणायची, "ती टोपी धुवायला टाकलीस ना, तर आपण कोण आहोत हे तुझं तुलाच आठवायचं नाही."

२००७च्या वसंतात ऑर्लिनचं हायस्कूल बंद करायचं ठरलं. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या भागात पोरंच उरली नव्हती. इथे अकराऐवजी आठ-आठ गड्यांचा, चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल चालतो, तरी गेल्या हंगामात मर्लकडे जेमतेम नऊ जण होते. आठ मैदानात, एक बाकावर. आणि तो बाकावरचाही मध्यंतर झालं की शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायला पळायचा. चौदा मैलांवरच्या बॅसफर्डची गत फार वेगळी नव्हती. शेवटी दोन्ही शाळा एक झाल्या. वर्ग बॅसफर्डला भरायचे, फुटबॉल मात्र ऑर्लिनच्या मैदानावर, कारण गवत तिथलं चांगलं. मुख्य कोच नेमला तो बॅसफर्डचा रॉस लिंडग्रेन.

रॉसने जूनमध्ये फोन केला.

"मर्ल, आक्रमणाची बाजू तू सांभाळ. बचाव मी बघतो."

बावीस वर्षांत सामना संपल्यावर हात मिळवण्यापलीकडे दोघांचं बोलणं गेलं नव्हतं. मर्ल "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" ओपलने विचारलं.

"त्याच्या हाताखाली काम करायचंय."

"मग नाही म्हणायचंस."

"आणि पोरांना काय सांगू?"

पहिल्या सरावाला एकवीस पोरं आली. बारा बॅसफर्डची, नऊ ऑर्लिनची. ऑर्लिनचा एमेट ह्रुस्का सेंटर होता, म्हणजे वाकून चेंडूवर हात ठेवून उभा राहणारा. त्याच्या मागे क्वार्टरबॅक, बॅसफर्डचा कोल्बी. क्वार्टरबॅकने आरोळी द्यायची, 'डाऊन! सेट! हट! हट!', आणि आधी ठरलेल्या शब्दावर सेंटरने दोन पायांमधून चेंडू मागे सोडायचा. त्याच क्षणी बाकीच्यांनी सुटायचं. कुणी आधी हललं तर दंड, पाच यार्ड मागे. उशिरा हललं तर समोरचा अंगावर.

ऑर्लिनमध्ये चेंडू कायम दुसऱ्या हटवर सुटायचा, हे दुसरीतल्या पोरालाही ठाऊक होतं. बॅसफर्डमध्ये क्वार्टरबॅक रंगांची नावं ओरडायचा. त्या दिवशीचा ठरलेला रंग आला की पुढच्या हटला चेंडू. डावांचे आकडेही उलटे. ऑर्लिनमध्ये सम आकडा म्हणजे उजवीकडे धावायचं, बॅसफर्डमध्ये डावीकडे.

कोल्बीने पहिलाच डाव पुकारला, "चोवीस!" एका गावचा धावणारा उजवीकडे सुटला, दुसऱ्या गावचा डावीकडे, आणि मधोमध दोघांची हेल्मेटं अशी आदळली की पार्किंगमधला कुत्रा भुंकायला लागला. एमेटने चेंडू दुसऱ्या हटला सोडला होता. तो कोल्बीच्या मांडीवर आपटून गवतात घरंगळला, कारण कोल्बी निळ्या रंगाची वाट बघत होता.

"आजपासून ऑर्लिनची पद्धत," मर्लने जाहीर केलं. "आक्रमण माझ्याकडे आहे, तेव्हा पद्धत माझी."

कोल्बीने हेल्मेट काढलं. "कोच, रागावू नका, पण आमच्या पद्धतीने आम्ही गेल्या वर्षी सहा सामने जिंकलो. तुमच्या पद्धतीने तुम्ही किती?"

"दोन."

"मग?"

"मग ते हेल्मेट घाल आणि ओळीत उभा राहा."

पोरं उभी राहिली, पण मनातून नाही. पहिल्या सामन्यात त्यांचे गडी अकरा वेळा आधीच हलले. अकरा वेळा पंचाची शिट्टी, अकरा वेळा पाच यार्ड मागे. चव्वेचाळीस-सहा असे हरले. ऑर्लिनचे आईबाप बाकांच्या एका टोकाला बसले होते, बॅसफर्डचे दुसऱ्या टोकाला. प्रत्येक शिट्टीला एक टोक दुसऱ्याकडे बघायचं.

सामना संपल्यावर सामानाच्या खोलीत रॉस चेंडू पोत्यात भरत होता. मर्ल मदतीला गेला.

"एक विचारू?" रॉस मान वर न करता म्हणाला. "शहाण्णव साली तुम्ही आम्हाला धुतलंत. माझा क्वार्टरबॅक चेंडू घ्यायच्या आत तुमची पोरं त्याच्या अंगावर असायची. आमचा रंग तुला कळला होता ना?"

मर्लने पोत्याचं तोंड धरून ठेवलं. अकरा वर्षं त्याने हे ओपलशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

"पिवळा होता. तुझा पोरगा पिवळा म्हणायच्या आधी हात पँटला पुसायचा."

"हात पुसायचा!" रॉस खाली बसलाच. "त्या सामन्याची फिल्म मी तीन वेळा पाहिली. नाही दिसलं मला."

"रागावलास?"

"सात-आठ वर्षं रागावलो होतो. आता वय झालं. अरे, म्हणून तर आक्रमण तुला दिलं. आरोळीतलं तुला जे कळतं ते या भागात कुणाला कळत नाही." मग तो म्हणाला, "पण मर्ल, तू त्यांना आरोळी शिकवत नाहीयेस. तू त्यांना ऑर्लिन शिकवतोयस."

मर्लला हे लागलं.

सोमवारी दुपारी नेहमीप्रमाणे तो पोरांना बॅसफर्डहून मैदानाकडे घेऊन निघाला. ऑर्लिनची पोरं पुढे, बॅसफर्डची मागे, मधल्या दोन रांगा रिकाम्या. मागून कोल्बी कुणालातरी फोनवर पत्ता सांगत होता, "पाण्याच्या टाकीजवळ, डावीकडे."

"उजवीकडे," पुढून एमेट म्हणाला. तो एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा.

"डावीकडेच आहे. मी रोज ऑर्लिनच्या आजीकडून तिकडूनच घरी येतो."

"तू ऑर्लिनहून येताना डावीकडे. आत्ता बघ कुठे आहे ती!"

झालं. सगळी बस त्यात उतरली. कुणी म्हणे डेअरी उजवीकडे, कुणी म्हणे चर्च आधी लागतं. मर्लने आरशात पाहिलं. पोरं जागा सोडून उठली होती आणि मधल्या रिकाम्या रांगांत गुडघे टेकून खिडक्यांबाहेर बोटं दाखवत होती. त्याने बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"शाळेकडून मैदानाकडे. एवढीच दिशा धरा," तो म्हणाला. "कोल्बी, वही काढ. उजवीकडे काय काय लागतं?"

"आत्ता?"

"आत्ता. जवळचं आधी."

उजवीकडे डेअरी, पाण्याची टाकी, दफनभूमी. डावीकडे चर्च, धान्याची कोठारं, भंगारवाला. डावांना आकडे नकोतच, असं मर्लने तिथेच ठरवलं. जवळच्या ठिकाणाचं नाव पुकारलं तर मधल्या फटीतून घुसायचं, लांबचं पुकारलं तर कडेने जायचं. आणि हा रस्ता एकवीसच्या एकवीस पोरांना पाठ होता.

"म्हणजे कडेने उजवीकडे जायचं असेल तर मी 'दफनभूमी' ओरडू?" कोल्बीने विचारलं.

"ओरड की. समोरचे घाबरले तर आपलंच बरं."

पोरं खो खो हसली. ऑर्लिनची आणि बॅसफर्डची पोरं एकाच गोष्टीला हसताना मर्लने पहिल्यांदाच ऐकलं.

मग आरोळी. ती त्याने मैदानात शिकवलीच नाही, सुतारकामाच्या वर्गात शिकवली. पोरांना टेबलांवर तळहात टेकायला लावले, डोळे मिटायला लावले. कोल्बीने आकडा सांगायचा, पहिला, दुसरा किंवा तिसरा, मग आरोळी द्यायची. बरोबर त्या हटला सगळ्यांनी टेबलावर थाप मारायची. पहिल्या दिवशी गारांचा पाऊस पडल्यासारखा आवाज आला. आठवड्याभरात बऱ्याच वेळा एकच थाप ऐकू यायला लागली.

"कोल्बी, तुझा गळा चहाड्या करतो," मर्ल त्याला म्हणाला. "खरा हट आला की तुझा आवाज चढतो. आंधळासुद्धा सांगेल चेंडू कधी सुटणार. सगळे हट सारखे काढ."

एमेटची अडचण वेगळी होती. दुसरा हट कानावर पडला की त्याची बोटं आपोआप उडायची, लहानपणापासूनची सवय. मर्लने त्याला सांगितलं, "दुसऱ्या हटला श्वास आत घे. श्वास आत घेताना माणूस धडक मारत नाही." शिवाय एमेट आणि कोल्बीने रोज सकाळी सातला बसच्या शेडपाशी शंभर वेळा चेंडूची देवघेव करायची. पहिला आठवडा दोघं आकड्यांपलीकडे काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एमेटच्या आईने डब्यात कोलाचे नावाचे जर्दाळू भरलेले गोड पाव दिले, तेव्हापासून कोल्बी सातला दहा कमी असतानाच हजर.

सगळ्यात शेवटी मर्लने शिकवला 'मुक्काम'. हा पुकारला की चेंडू सुटणारच नाही. कोल्बीने वाटेल तसं ओरडायचं, नेमका इथेच आवाज चढवायचा, आणि आठही जणांनी दगडासारखं थांबायचं. समोरचे फसून पुढे उडी मारतील, तर पाच यार्डांचा दंड त्यांना.

"आणि नाही मारली तर?" एमेटने विचारलं.

"तर काय, वेळ मागून घ्यायचा आणि दुसरं काहीतरी करायचं. पण आपल्यातला एक हलला तर सगळं गेलं. हे पळण्यापेक्षा अवघड आहे, पोरांनो."

दुसरा सामना हरले, पण आधी हलण्याच्या चुका सहावर आल्या. तिसराही हरले, चुका दोन. चौथा सामना घरच्या मैदानावर होता, शुक्रवारी दुपारी, कारण तिथे दिवे नव्हते. दीड मिनिट उरलं तेव्हा बावीस-वीस असे दोन गुणांनी ते पुढे होते. मैदानाच्या मध्यावर चेंडू त्यांचाच, पण चौथा, शेवटचा प्रयत्न आणि तीन यार्ड हवे. मिळाले नाहीत तर चेंडू समोरच्यांकडे जाणार. मिळाले तर घड्याळ संपेपर्यंत चेंडू कवटाळून बसता येणार.

मर्लने लाथेने चेंडू लांब टाकायची खूण करायला हात उचलला. मैदानातून कोल्बी त्याच्याकडेच बघत होता. त्याने एक तळहात जमिनीकडे दाबला. मुक्काम.

"पोरं थांबतील?" रॉसने शेजारून विचारलं.

"माहीत नाही," मर्ल म्हणाला, आणि वर गेलेला हात खाली घेऊन त्यानेही तळहात जमिनीकडे दाबला.

"डाऊन! सेट!" कोल्बी ओरडला. "हट!" कुणी हललं नाही. "हट!" मर्लची नजर एमेटच्या बोटांवर होती. एमेटची पाठ श्वासाने फुगली, बोटं चेंडूवर तशीच राहिली. कोल्बी थांबला, इतका वेळ थांबला की बाकांवर कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं. मग छाती फाडून ओरडल्यासारखा त्याने तिसरा सोडला, "हट!"

समोरचा मधला गडी झेपावला आणि थेट एमेटच्या खांद्यावर येऊन कोसळला. एमेट त्याच्याखाली चेंडू धरून तसाच वाकलेला. पंचाने दंडाचा पिवळा रुमाल फेकला. पाच यार्ड.

रॉसने मर्लच्या पाठीत अशी थाप घातली की टोपी खाली पडली. बाकांवर कोण कुठल्या टोकाला बसलं होतं ते आता कळत नव्हतं. सगळेच उभे होते, आणि ओपल बॅसफर्डच्या कुणा अनोळखी बाईच्या गळ्यात पडून ओरडत होती.

त्या हंगामात त्यांनी तीन सामने जिंकले, पाच हरले. बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. पण त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी मर्ल सरावाला आला तेव्हा पोरं त्याच्या आधीच ओळीत उभी होती, आणि कोणाच्या शेजारी कोण हे पाहून उभी राहिली नव्हती.

"पुढच्या सामन्यापर्यंत सगळ्यांच्या हातात आपली फिल्म असेल," मर्लने सांगितलं. "तिसऱ्या हटचं गुपित संपलं. नवीन आरोळी बसवायची."

"सगळी नवीन?" एमेट म्हणाला.

"सगळी. कुणाला काही सुचतंय?"

एकाच वेळी सात-आठ हात वर गेले.