देवळीतल्या पाच दौती

गेल्या महिन्यात प्रल्हादचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या राजापेठेतल्या घरी भाजी निवडत बसले होते. प्रल्हाद माझा धाकटा भाऊ, बार्शीटाकळीला माहेरच्या घरी राहतो. "ताई, किसनादादा गेला. सकाळी भाकर खाल्ली, भिंतीले टेकून बसला, तो बसलाच..." मी विचारलं, "दौती जागेवर आहेत ना?" काय बोलून गेले मी. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, ऐंशीच्या घरातला, आणि तो गेल्याचं ऐकून माझ्या तोंडून आधी निघाल्या त्या दौती. प्रल्हादला त्यात काही वावगं वाटलं नाही. "हायेत," म्हणाला, "पाचही हायेत." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहितानाही दोनदा उठून आले.

दादा लहानपणापासून वेगळा. कुणाच्या तोंडाकडे बघायचा नाही, डफडं वाजलं की कान दाबून आतल्या खोलीत पळायचा, आणि बोललाच तर दुसऱ्याचं ऐकलेलं वाक्य, अगदी त्या माणसाच्या सुरात. माय सांगायची, "मरीआईचा हाय तो." तेवढं पुरायचं. वस्तीतल्या बाया मंगळवारी त्याच्या पायांना कुंकू लावायच्या, तो ते खसाखसा धुऊन टाकायचा, पण त्याला येडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. देवीच्या त्या नावावर तो तेरा वर्षं बिनधोक जगला, हे मला आज कबूल केलंच पाहिजे.

छप्पन साली बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला. बा शाळेत शिपाई होता, वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं घरोघरचे देव गोळा करून नदीत सोडायला लावले, पहिले आमचे. आमच्या घरात भिंतीला एक छोटा कोनाडा होता, त्याला आम्ही देवळी म्हणायचो. तिथले देवांचे पाच टाक, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले, गेले. दुसऱ्या दिवशी दादा रिकाम्या देवळीपुढं उभा राहिला, तो जेवेना. तिसऱ्या दिवशी नदीवरून पाच दगड आणून त्यानं तिथं मांडले. झालं. गल्लीभर बोभाटा, की दीक्षा घेतली अन् घरात देव मांडून बसले. बा दगड फेकायचा, दादा पुन्हा आणायचा. चौथ्या वेळी बानं त्याला मारलं. दादा रडला नाही, भिंतीवर डोकं आपटत राहिला. बाला वाटत होतं, हे मायनंच शिकवलं. मायला वाटत होतं, "देवी सोडत नाही त्याले." दोघं एकमेकांशी बोलेनात, आणि समाजाच्या बैठकीचं बोलावणं आलं.

मी नऊ वर्षांची. मी रोज बघत होते, तो हात जोडत नव्हता की कुंकू लावत नव्हता. बाला म्हटलं, "त्याले देव नाही पायजे बा. त्याले पाच पायजेत, लायनीनं." शाळेतून टाकून दिलेल्या शाईच्या काचेच्या दौती बानं आणून ठेवल्या होत्या. त्यातल्या लहानमोठ्या पाच मी देवळीत मांडल्या. दादा आला. तिसरी आणि चौथीची त्यानं अदलाबदल केली, कारण मी चुकले होते, आणि चुलीपाशी जाऊन भाकर मागितली. बैठकीत बा एवढंच बोलला, "देव नाहीत ते, दौती हायेत. या, पाहून जा." लोक खरंच येऊन पाहून गेले. मला त्या दिवशी वाटलं, दादा सगळ्यांत जास्त मलाच कळतो. काय तो तोरा माझा...

पण देवी गेल्यावर त्याला नाव उरलं नाही. बानं त्याचं नाव बदलून आनंद ठेवलं, त्याला त्यानं कधी ओ दिली नाही. पुढं अकोल्याच्या एका डॉक्टरनं पाच मिनिटं पाहून चिठ्ठीवर लिहिलं, 'मतिमंद'. बानं ती चिठ्ठी पेटीच्या तळाशी घातली. पोरं आता दादाला येडा म्हणू लागली होती.

सदुसष्ट साली मी अमरावतीला मास्तरकीचं ट्रेनिंग पुरं केलं आणि तिथलंच स्थळ मला पाहायला आलं. दादाला घेऊन माय आतल्या खोलीत बसली होती, मध्ये नुसता पडदा. मुलाच्या वडिलांनी विचारलं, भावंडं किती? बानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "एक भाऊ, धाकटा." कुणी शिकवलं नव्हतं मला. बानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. लग्न अमरावतीला झालं. मायची तब्येत बरी नाही असं सांगितलं. ती दादाजवळ थांबली होती.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलो तेव्हा यांनी देवळीपुढचा माणूस पाहून विचारलं, "हे कोण?" दादानं भिंतीकडे तोंड करून उत्तर दिलं, माझ्या आवाजात, माझ्याच हेलात, "एक भाऊ, धाकटा." परतीच्या गाडीत हे म्हणाले, "सांगितलं असतं तं मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं काय तुले?"

त्यानंतर मी उंबरठ्यात पाय ठेवला की दादा तेच बोलायचा. मला वाटायचं टोमणा मारतो. मी माहेरी जाणं कमी केलं, मग वर्षावर्षानं जाऊ लागले. माय गेली तेव्हाही मी दोन दिवसांत परतले.

माझी मुलगी डॉक्टर आहे. दहाएक वर्षांपूर्वी तिनं मामाजवळ आठवडाभर बसून सांगितलं, "आई, हा ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात." मी भडकले. स्वतःत कुठं मग्न होता तो? घरातली प्रत्येक वस्तू कुठं आहे यात मग्न होता. ती शांतपणे म्हणाली, "अशी माणसं ऐकलेलं वाक्य त्या माणसाशी जोडून ठेवतात. तू दिसलीस की ते वाक्य येतं. तो टोमणा नव्हता. कदाचित तुला 'आलीस का' म्हणत असेल." त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. हा शब्द मला सदुसष्ट साली मिळाला असता तर मी किती वेळा गेले असते त्याच्याकडे. पण खोटं बोलले नसते का? चिठ्ठीवर एक शब्द होताच की, तो मी पडद्याआड ढकलला. माणूस नीट पाहायला शब्द लागतोच असंही नाही, नऊ वर्षांची असताना मला लागला नव्हता. मग वीस वर्षांची होईतो मला काय झालं? याचं उत्तर मुलीच्या पुस्तकात नाही.

मग मात्र मी महिन्याला जात राहिले. तो म्हणायचा, "एक भाऊ, धाकटा." मी म्हणायचे, "दोन भाऊ, दादा. दोन." त्यानं ते कधी घेतलं नाही.

दादाच्या सातव्या दिवसाची बुद्धवंदना झाल्यावर पाहिलं, तर प्रल्हादच्या सुनेनं दौती पुसून मांडताना तिसरी आणि चौथी चुकवली होती. मी त्यांची अदलाबदल केली. निघताना सवयीनं उंबरठ्यात थांबले. घर भरलेलं होतं, पण कुणी काही म्हणालं नाही. मग मीच म्हणाले, हळूच, "एक भाऊ, धाकटा." सत्तावन्न वर्षांनी ते खरं झालं होतं.