मुदतीआधी मोडायचं न्हाय

आमच्या भूम तालुक्यात श्रीमंत होण्याचे दोनच मार्ग आहेत, असं माझं ठाम मत आहे. एक म्हणजे खूप कमवायचं आणि दुसरा म्हणजे माझ्या थोरल्या मामांसारखं जगायचं. त्यातला पहिला मार्ग सोपा. मामांची ईट गावाला तीन एकर जिराईत जमीन, चार म्हशी आणि घरामागं खव्याची एक भट्टी. एवढ्यावर माणूस फार तर पोट भरतो. मामांनी एवढ्यावर भूमला दोन गाळे घेतले, बार्शीला प्लॉट घेतला आणि बँकेत इतक्या मुदत ठेवी ठेवल्या की त्यांना दारात बघून साहेब स्वतः खुर्ची पुढं करतो. मामा बसत नाहीत. "धोतार झिजतंय," म्हणतात आणि उभ्यानंच पावती घेऊन निघतात. आमच्या सगळ्या खानदानात पदवी घेतलेली पहिली मीच. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. पण पैशाबद्दल जे काही मला खरोखर कळतं ते कॉलेजात शिकले की मामांच्या भट्टीवर, हे अजून ठरलेलं नाही.

भट्टीचंच सांगते. खवा आटवताना कढईपासून हलता येत नाही. उलथणं सारखं फिरवत राहावं लागतं, नाहीतर दूध बुडाला लागतं. खवा काढून घेतल्यावर कढईला जी खरवड राहते ती पोरांची, हा आमच्याकडच्या सगळ्या भट्ट्यांवरचा रिवाज. मामांनी रिवाज मोडला नाही, त्याला फक्त शिस्त लावली. जो हलवील त्याची खरवड. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा भाचरं पाळी लावून उलथणं फिरवायचो. धुरानं डोळे लाल व्हायचे, खांदे भरून यायचे, आणि शेवटी मूठभर गरम, तांबूस खरवड हातावर पडली की मामांइतका मायाळू माणूस जगात नाही असं वाटायचं. पुढं बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मजुरीच्या खर्चाचा धडा आला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की मामांच्या भट्टीवरचा गडी नेमका दिवाळीच्या सुट्टीतच रजेवर का असायचा.

कपडे मामांनी स्वतःच्या पैशानं कधी घेतले असतील तर ते माझ्या जन्माआधी. लग्नकार्यात पाहुण्याला टोपी-टॉवेल देण्याची पद्धत ज्यानं काढली त्याचे ते ऋणी आहेत. मिळालेले टॉवेल पेटीत जातात आणि पेटीतून पुढच्या लग्नात. एकदा माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात आम्ही मामांना टॉवेल दिला, तर त्यांनी तो उलगडला, कोपरा बोटांत धरून बघितला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले. "ह्यो माझाच हाय. तुझ्या बापाला दिल्याला, घरभरणीत." अकरा वर्षांत तो टॉवेल कुणी अंगाला लावला नव्हता. मामा म्हणाले, "चांगल्या मालाचं असंच असतंय. फिरत ऱ्हातो."

फोनच्या बाबतीत तर त्यांनी आख्ख्या नातेवाइकांना शिस्त लावली. एक रिंग दिली की 'पोचलो', दोन दिल्या की 'येऊन जावा', आणि तीन म्हणजे कुणीतरी गेलं. फोन उचलायचा नाही. पुढं बोलणं फुकट झालं, महिन्याच्या रिचार्जात कितीही बोला असं आलं, तरी मामांनी रिंगा सोडल्या नाहीत. "आज फुकट हाय. उद्या न्हवं. सवय लागली की काय करशील?" मागं एकदा सास्तूरच्या मावशीला 'येऊन जावा' सांगायला त्यांनी दोन रिंगा दिल्या, आणि फोन खिशात घालताना बोट लागून तिसरी गेली. दुपारी एक जीप भरून माणसं ईटच्या वेशीपासूनच रडत आली. मामा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. मावशीनं आधी हंबरडा फोडला, मग भावाला जिवंत बघून दुसरा फोडला. मामी अकरा माणसांचा चहा टाकायला उठली, तसा मामांचा चेहरा पडला. "मेलो आसतो तर तुमीच कडू घास घेऊन आला आसता," ते मावशीला म्हणाले. "जित्ता निघालो म्हणून माझाच च्या गेला."

मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, आता मामांना दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात. मी म्हणाले, "मामा, नुसत्या ठेवीनं पदरात काय पडत नाही. म्हागाई खाऊन टाकते पैसा."

"म्हागाई कुणाचा पैसा खाती?"

"सगळ्यांचाच की."

"जो इकत घेतो त्याचा. म्या काय इकतच घेत न्हाय, तर माझा कसा खाईल?"

मामांचा सगळा अर्थविचार दोन वाक्यांत मावतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे पहिलं. आणि ठेव मुदतीआधी मोडायची नाही, हे दुसरं. कुणी पोरगं घाईनं लग्न करायला निघालं, कुणी कैरीतच आंबा उतरवला, कुणी शाळा अर्ध्यात सोडली, तरी मामा तेच म्हणतात, "मुदतीआधी मोडायचं न्हाय. मुदतीआधी मोडलं की सगळं व्याज बुडतंय."

या दोन वाक्यांच्या मध्ये माझी मामी पन्नास वर्षं अडकून पडली होती.

मामीला साड्यांची हौस नाही, सोन्याची नाही. तिला एकदा समुद्र बघायचा होता. नवी नवरी असताना खताच्या दुकानातून फुकट आलेल्या कॅलेंडरवर तिनं समुद्र पाहिला. वर्ष संपल्यावर ते पान कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. तेव्हापासून ती म्हणायची, "आवं, हंडा घेऊन पाण्यामागं पळण्यात जलम गेला माझा. एकदा पाणी माझ्यामागं येऊ द्या की. लई न्हाय, नुसतं पायाला लागू द्या." मामा कधीच नाही म्हणाले नाहीत. तेच तर वाईट. पहिल्यांदा म्हणाले, व्याज साठलं की जाऊ. व्याज साठलं, त्याची ठेव झाली. मग त्या ठेवीचं व्याज साठलं की जाऊ. बार्शीच्या प्लॉटनंतर जाऊ, गाळ्याला भाडेकरू लागला की जाऊ. कॅलेंडरवरचा समुद्र धुरानं आधी पिवळा आणि मग तपकिरी झाला, आणि मामीचे गुडघे गेले.

अशात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. मामी त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून म्हणाली, "आता तर चला." तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं की रझाकाराच्या धामधुमीत हे पोरगं रांगत होतं. त्या हिशोबानं मामा पंचाहत्तरचे झालेले होते. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी वय दोन वर्षं कमी लावलेलं, आणि आधारवर तेच. "कागद म्हणंल ते वय," मामा म्हणाले. "दोन वर्सं थांब, माझं समदं तिकीट वाचतंय." मी चिडून म्हणाले, "मामा, मामीच्या गुडघ्याला कागद वाचता येतो का?" मामा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "पोरी, मुदतीआधी मोडायचं न्हाय."

मुदत भरली. मधल्या काळात बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मामांना फार आनंद झाला आणि सोबत म्हणून माझी निवड झाली. माझा भाऊ यायला तयार होता, पण मामांनी सरळ सांगितलं, "भाच्यापरीस भाची परवडती." जाताना रात्र एसटीत काढायची, दुपारी तीनच्या गाडीनं परत फिरायचं आणि पुन्हा रात्र एसटीत, म्हणजे लॉज लागत नाही. दशम्या आणि शेंगाचटणी घरची. असं सगळं बसवून आम्ही तीन गाड्या बदलत कोकणातल्या एका लहानशा गावी उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. मामी सगळ्या वाटेत खिडकीशी बसून होती. मामा तिला दर तासाला आठवण करून देत होते, "तिकीट तुझंच पडलंय, मी फुकट हाय."

सुरूच्या झाडांतून आम्ही पुळणीवर आलो आणि तिघंही उभे राहिलो. समोर वाळूच वाळू. पुढं चिखल, चिखलात आडव्या पडलेल्या दोन होड्या, आणि पार लांब, आपल्या शिवाराच्या दुसऱ्या बांधाइतकी लांब, एक चकचकीत रेघ.

मामांनी कपाळाला हात लावून बघितलं. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला पाणी दिसलं नाही तर त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो.

"आटलंय की गं!" मामा म्हणाले. "हितंबी दुष्काळ?"

शहाळी विकणारी एक बाई हसून हसून खाली बसली. "आजोबा, ओहोटी आहे. संध्याकाळी सहाला या, भरती असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केली होती, तिच्यावर मार्क मिळवले होते, आणि मोबाइलवर वेळ बघावी एवढं मला सुचलं नव्हतं. आमच्यात पाणी एकदा भरलं की भरलं, आटलं की आटलं. ते रोज जाऊन येतं हे मी पाठ केलं होतं, पण माझा त्यावर विश्वास नव्हता, हेच खरं. मामीला तेवढं चालवत न्यावं म्हणून मी हात धरला, पण दहा पावलांत तिचे पाय ओल्या वाळूत रुतले आणि गुडघा आखडला. ती मागं फिरली. एका दगडावर बसून तिनं फडक्यातली दशमी सोडली, आणि त्या रेघेकडं बघत खाल्ली. "बघितला की," ती म्हणाली. "हायच की तिथं. लांबनं काय आन् जवळनं काय." असं म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

पावणेतीनला आम्ही थांब्यावर आलो. गाडी लागली. मी पिशव्या चढवल्या, मामीला खालून आधार दिला, तिचा एक पाय पायरीवर आला. मामा मागंच उभे. मी म्हणाले, "मामा, चला." ते कंडक्टरशी बोलत होते.

"उद्या हीच गाडी हाय का?"

"आहे."

"माझं तिकीट उद्याबी फुकटच?"

"फुकटच, आजोबा. चढताय का?"

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सहाला मुदत भरतीय म्हणाली ती बाय. पन्नास वर्साची ठेव. आन् आपण तीन तास आधी मोडायला लागलाव." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही चूक मीच करत होते. "पिशव्या काढ खाली. सगळं व्याज बुडंल."

मामीचा पाय पायरीवरच राहिला. "आवं, लॉजला पैशे पडत्याल," ती म्हणाली. पन्नास वर्षं मामांबरोबर राहिलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"पडू दे," मामा म्हणाले. मी आयुष्यात हा शब्द त्यांच्या तोंडून पैशाबाबत ऐकलेला नव्हता. अर्थात लॉजवर त्यांनी अर्धा तास घासाघीस केली, दोन माणसांच्या खोलीत तीन बसवली आणि वर आंघोळीचं गरम पाणी लावून घेतलं. माणूस एकदम बदलत नसतो. पण पैसे त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढले. तो खिसा मामी शिवून बंद करते, आणि तो उसवलेला मी कधी पाहिला नव्हता.

साडेपाचला आम्ही पुन्हा पुळणीवर गेलो, तर सकाळचा किनारा ओळखू येईना. होड्या तरंगत होत्या. आम्ही जिथं दशम्या खाल्ल्या तो दगड पाण्यात होता. मामी सुरूच्या सावलीतून चार पावलं पुढं आली, आणि तिला पुढं जावंच लागलं नाही. एक लाट फेसाळत आली, तिच्या पायांवरून गेली आणि माघारी जाताना टाचांखालची वाळू घेऊन गेली. मामी "अगं आई" म्हणाली आणि लहान पोरीसारखी खिदळली. तिला हसताना मी हजारदा बघितलंय, हे हसणं निराळं होतं.

मामा कोरड्या वाळूवर उभे. मला म्हणाले, "रोज येतंय व्हय हे?"

"रोज. दिवसातनं दोनदा."

"आपण न्हाय आलो तरी?"

"तरीही येतं, मामा."

मामांनी वहाणा काढून कोरड्या वाळूवर ठेवल्या. मग धोतराचा काष्टा वर खोचून पाण्यात शिरले आणि मामीच्या शेजारी जाऊन थांबले. मामीनं त्यांच्या दंडाला धरलं. पाण्याकडंच बघत ती म्हणाली, "थोडं आधी आणलं आसतं, तर पळाले आसते की वो मी ह्याच्या मागं." रागानं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगावं, तसं.

टॉवेलपासून मरणापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मामांकडं उत्तर असतं. त्या दिवशी ते फक्त हळूच सरकून मामीच्या पुढं, ज्या बाजूनं लाटा येत होत्या त्या बाजूला जाऊन उभे राहिले, पुढच्या लाटेचा जोर आपल्या अंगावर घ्यावा म्हणून. ती आली, आणि दोघांना सारखंच भिजवून गेली.