दुसऱ्या ड्रायव्हरची जागा

मैत्रीण नैरोबीहून चार दिवसांसाठी दोह्याला येणार म्हटल्यावर मी तिचं वेळापत्रक करून फ्रिजला लावलं. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली होती. आता तिने जीप बोटीने मोम्बासाला उतरवली होती आणि ती केपटाऊनपर्यंत रस्त्याने निघाली होती. मी अल सद्दच्या फ्लॅटमध्ये डब्यांना लेबलं लावत होते. एवढी धूळ खाऊन येतेय, म्हणजे तिला विश्रांती हवी असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

तिने बॅग टेकवली आणि वेळापत्रक मोठ्याने वाचलं. "शुक्रवार, साडेआठ ते सव्वानऊ, गप्पा. अगं, तीस वर्षांच्या गप्पा पाऊण तासात?"

"पुढे अर्धा तास राखीव आहे."

"गप्पांना?"

"नाही. तुझ्या कपड्यांना, दुसऱ्यांदा धुवायला लागले तर."

चहा झाल्यावर तिने खरं काय ते सांगितलं. तिच्याबरोबर आळीपाळीने गाडी चालवणारा आतेभाऊ पाठ धरून पुण्याला परतला होता. जीप नैरोबीत उभी होती. एकटीने चालवणार नाही, असं तिने मुलाला कबूल केलं होतं. मलावीत तिची नणंद येऊन मिळणार होती. तिथपर्यंतच्या तीन आठवड्यांसाठी दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही, तर जीप परत बोटीत चढणार होती.

"मग कोणाला बघितलंस का?"

"बघितलंय. चहा बरा करते."

मी लगेच कारणं सांगायला घेतली. ऑफिस, गुडघा, पिवळ्या तापाची लस, लेकीची परीक्षा.

"परीक्षा तू देणारेस?"

"आई, प्लीज गो!" आतल्या खोलीतून लेक ओरडली.

मग मी सगळ्यात शेवटचं कारण सांगितलं. इथे आल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, मी ऑटोमॅटिक गाडीच चालवतेय. क्लच मी साफ विसरलेय.

"हे पहिलं सांगायचंस. एवढं एकच खरं वाटतंय," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आम्ही अल गराफात नवऱ्याच्या ओळखीच्या रत्नागिरीच्या दुकानदाराकडे गेलो. त्याचा पिकअप गिअरचा होता आणि दुकानामागे मोकळं मैदान होतं. चावी देताना तो म्हणाला, "भाभी, गाडी अख्खी परत येईल ना? इन्शाल्ला म्हणा."

मी क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर असा क्रम चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवला. मैत्रीण शेजारी बसली. "छान. पुढ्यात हत्ती आला तर त्यालाही वाचायला होईल."

गाडी निघायची, पण थांबताना बंद पडायची. माझा डावा पाय अठरा वर्षं बिनकामाचा होता. ब्रेक दाबताना त्यालाही काहीतरी करायचं असतं, हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं. पहिल्या चार वेळा तिने एकेक टोमणा मारला. पाचव्यांदा हसली. सातव्यांदा मात्र काहीच बोलली नाही, नुसती काचेबाहेर बघत राहिली. हॉस्टेलमध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशीही जिचं तोंड बंद नसायचं, ती गप्प बसली होती. ती मनातल्या मनात जीप बोटीत चढवत होती.

मी सँडल काढून मागे टाकले. चिठ्ठी ओढून काढली, कारण वाचायच्या नादात पाय थांबत होता. तळव्याखाली क्लच लागला. मैदानाला एक चक्कर मारली, कोपऱ्यावर थांबले. इंजिन चालूच होतं. परत निघाले, परत थांबले. तिसऱ्या चकरेला दुकानदाराने टाळ्या वाजवल्या.

"जरा हळू," मैत्रीण म्हणाली, "आणि ब्रेक आधी मारत जा. मलावीत मला दातांसकट पोचायचंय."

ती पुन्हा बोलायला लागली, तेव्हा मला हायसं वाटलं.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी रजेचा अर्ज उघडला. कारणाच्या रकान्यात सवयीने 'कौटुंबिक' लिहिलं, मग ते काढून 'गाडी चालवायला जात आहे' असं लिहिलं. साहेबांचा फोन आला, कुठे? मी सांगितलं, नैरोबी ते मलावी. ते म्हणाले, "आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये तुम्ही रिव्हर्स घ्यायला वॉचमनला बोलावता."