जांभळी गाडी काय म्हणाली

१४ नोव्हेंबर १९९८, शनिवार. दुपारी वड्यांसाठी उकडलेले बटाटे सोलायचे होते. संध्याकाळी माणसं यायची होती, आणि मी सिंकपाशी उभी राहून गरम बटाट्याची सालं काढत ठरवत होते — आज सांगून टाकायचं की नाही?

नाहीच सांगितलं. म्हणून इथे लिहिते आहे. याआधी हे माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. श्रीधरसमोरही नाही, आणि तो माझा नवरा आहे. तुम्ही परके, तुम्हाला सांगणं सोपं. शिवाय तुम्ही वसंतकाकांना ओळखत नाही.

गोष्ट मोटारींच्या शर्यतीची आहे. आश्चर्य वाटलं? आम्हालाही वाटायचं. इथे न्यू जर्सीत, एडिसनमधली मराठी माणसं गणपती करतात, नाटकं बसवतात, फार तर टेनिस बघतात. पण वसंतकाका नागपूरचे, बेअरिंगच्या कारखान्यात जन्म गेलेले इंजिनियर. इथे येऊन त्यांनी एका रविवारी टीव्हीवर त्या धडधडणाऱ्या गाड्या गोल गोल फिरताना पाहिल्या आणि संपलंच. त्यांनी त्यांच्याच गावच्या मिलिंदला नादी लावलं, मिलिंदने श्रीधरला. मी आपली चहा करता करता बघायची. बघता बघता मलाही कळायला लागलं की गोल फिरणं वाटतं तेवढं साधं नाही.

त्यांची लाडकी गाडी जांभळी. सगळ्यात लहान संघ, घरचीच चार माणसं आणि ड्रायव्हरचा मेहुणा. वर्षभर प्रत्येक शर्यतीचे गुण जमत जातात आणि शेवटच्या शर्यतीत ठरतं वर्षाचा विजेता कोण. ब्याण्णव साली ती शेवटची शर्यत जॉर्जियात होती, आणि आमची जांभळी चक्क शर्यतीत होती — म्हणजे विजेतेपदाच्या. काका म्हणाले, "टीव्हीवर बघायची? हॅट! लग्न घरचं आणि आपण फोटो बघायचे?"

मग काय, व्हॅन भाड्याने घेतली. काका, कुसुमकाकू, मिलिंद, श्रीधर आणि मी. सामान बांधायचं काम माझं. ते नेहमीच माझं असतं, कारण मी विसरत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

काकांनी कुणाच्या तरी घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, गराज सेलमधून, एक यंत्र आणलं होतं. मुठीएवढा रेडिओ, त्याला हे मोठाले हेडफोन. मैदानात बसून ते कानाला लावलं की ड्रायव्हर आणि त्याचा मुख्य मेकॅनिक एकमेकांशी काय बोलतात ते ऐकू येतं. मेकॅनिकला काका मुकादम म्हणत. यंत्र एकच, आणि गाड्यांचा आवाज एवढा की ज्याच्या कानाला ते आहे त्यालाच काय ते कळणार. ते कान माझे असावेत असं एकमताने ठरलं. मी विम्याच्या ऑफिसात फोनवर काम करते. टेनेसीपासून अलाबामापर्यंतची माणसं दिवसभर मला आपल्या गळक्या छपरांबद्दल सांगत असतात. त्यांचं बोलणं मला कळतं, या चौघांना नाही.

काकांनी बजावलं होतं — सुधा, याला नवे सेल घेऊन ठेव.

मी नवे सेल घेतले नाहीत. स्वयंपाकघरातल्या रेडिओतले काढले आणि दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवले. माझी आई तसंच करायची, आणि तिचा ट्रान्झिस्टर चालायचा. तुमच्या घरीही कुणीतरी करत असेलच. नोव्हेंबरातलं न्यू जर्सीचं ऊन! पण बोटाला गरम लागले, मी म्हटलं झाले हे नवे.

आता त्या प्रवासाबद्दल. श्रीधर दुर्बीण घरी विसरला, मिलिंद कॅमेऱ्याचा रोल विसरला. चौदा तासांच्या प्रवासात मी त्या दोघांना किती ऐकवलं, ते आठवलं की आजही माझीच दमछाक होते. व्हर्जिनियात ऐकवलं, दोन्ही कॅरोलायनांत ऐकवलं. शेवटी मिलिंद म्हणाला, "वहिनी, मला इथेच उतरवा यार, मी चालत परत जातो."

पण मजा? मजा विचारू नका. त्या मैदानाच्या पार्किंगमध्ये माणसं आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून होती. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, तर शेजारच्या गाडीतला एक अगडबंब गृहस्थ येऊन विचारायला लागला हे काय. त्याला दोन दिल्या. त्याने बदल्यात कागदी पिशवी भरून उकडलेल्या शेंगा दिल्या. जॉर्जियात उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यातल्या, आपल्यासारख्याच. काकू त्या पिशवीवरून उठेचनात. योगायोगाने तो गृहस्थ आणि त्याची बायको आमच्याच मागच्या रांगेत निघाले. मग काय, दिवसभर पुढून पुऱ्या मागे, मागून शेंगा पुढे.

आणि शर्यत सुरू झाली. छातीच्या पिंजऱ्यात कुणी ढोल वाजवावा तसं. मी हेडफोन लावून बसले, आणि एकेक वाक्य ऐकून ओरडून मराठीत सांगत होते. मुकादम म्हणतोय डाव्या बाजूचे टायर बदलू. हा म्हणतोय गाडी वळणावर घसरतेय. मुकादम म्हणतोय तुझं वळणच चुकतंय, टायरला दोष देऊ नकोस. चौघं माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडलं. एवढ्या लक्षपूर्वक माझं बोलणं घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

तोपर्यंतचं सगळं खरं होतं. शब्द न् शब्द.

शेवटच्या काही फेऱ्या उरल्या. पांढरी गाडी पहिली, जांभळी दुसरी, हिरवी तिसरी आणि हिरवी जवळ येत चाललेली. जांभळी दुसरी आली तरी गुणांवर वर्ष तिचंच. पण पेट्रोल संपत आलेलं. जोरात हाकली तर पेट्रोल संपणार, जपून हाकली तर हिरवी पुढे जाणार. आता ड्रायव्हर काय करतो? आणि नेमकं — माझ्या कानात शांतता.

बोलणं थांबलं म्हणून शांतता नव्हे. साधी खरखरसुद्धा नाही. बटण फिरवलं, डबी तळहातावर आपटली. मेलेलं होतं सगळं.

"काय म्हणतोय?" काका ओरडले.

इथे मी सांगू शकले असते. एक वाक्य — सेल गेले. पण ते वाक्य म्हणजे, मी नवे सेल आणले नाहीत. चौदा तास दोन माणसांना विसरभोळे म्हणून सोलून काढल्यावर? श्रीधर माझ्याकडे बघत होता. मिलिंद बघत होता. काका माझं मनगट धरून होते.

मी म्हटलं, "मुकादम म्हणतोय पेट्रोल नाहीये."

"आणि हा? हा काय म्हणतोय?"

"हा म्हणतोय — घाई नाही. पोचायचंय."

कुठून आलं हे? टर्नपाइकवर, आमच्या इथल्या हायवेवर, श्रीधर गाडी जोरात हाकायला लागला की दर वेळी मी त्याला हेच म्हणते. तोंडात होतं, बाहेर पडलं. एकदा पडल्यावर मग थांबता येतं का? पुढच्या सगळ्या फेऱ्या मी रचल्या. मुकादमाला चिडवलं, ड्रायव्हरला शांत ठेवला. मेहुण्यालाही मध्ये बोलायला लावलं. काका प्रत्येक वाक्य मागच्या गृहस्थाला इंग्रजीत सांगत होते, तो त्याच्या बायकोला. अख्ख्या रांगेला कळलं की ड्रायव्हर थंड डोक्याने म्हणतोय, घाई नाही.

आणि जांभळी दुसरी आली! रेषा ओलांडली आणि पेट्रोल संपून गडगडत जाऊन गवताच्या कडेला थांबली. काका बाकावर उभे राहून नाचले. मागच्या गृहस्थाने मिलिंदला उचलून हवेत फिरवला. काकू रडत रडत शेंगा खात होत्या. काकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "सुधा, तुझ्या कानांनी आज मला त्याच्या गाडीत बसवलं गं."

मी काय केलं? हसले. अजून पुरी आहे का कुणाला, विचारलं.

घरी गेल्यावर हे विरून जाईल असं वाटलं होतं. नाही विरलं. काकांनी शेजारच्या आयसेलिनमध्ये दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून एक पट्टी करून घेतली आणि गाडीच्या मागच्या काचेवर लावली — घाई नाही, पोचायचंय. ओक ट्री रोडवर ते पार्किंग शोधत हळूहळू चालले की मागचे मराठी लोक ती वाचून हॉर्न वाजवायचे थांबतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली, तेव्हा भूल द्यायच्या आधी त्यांनी सर्जनला तेच वाक्य इंग्रजीत सांगितलं. सर्जन हसला म्हणे, आणि म्हणाला, ठीक आहे, आज त्याच पद्धतीने चालवतो. काकू हे सांगताना नेहमी माझ्याकडे बघतात. मी नेहमी पातेल्यात बघते.

तो हेडफोन काकांनी पुन्हा कधी चालू केला नाही. म्हणायचे, याने शेवटचं ते वाक्य ऐकलंय, आता दुसरं काही आत जायला नको. दर नोव्हेंबरात आम्ही पाच जण जमतो. काका रुमालातून तो काढतात, मी तो लावते आणि सगळी शर्यत पहिल्यापासून होते. श्रीधर हिरवी गाडी होतो, मिलिंद हवेत कसा फिरला ते दाखवतो. हसून हसून पोट दुखतं. वर्षातली माझी सगळ्यात आवडती संध्याकाळ ती. हेही सांगायला हवं ना? मी नुसती गप्प राहिले नाही, मी त्याची वाट बघत आले.

यंदा मिलिंदला ऑफिसातल्या कुणाकडून त्या शर्यतीची टेप मिळाली. टीव्हीवर दाखवलेली, सबंध. तो फोनवर आनंदाने किंचाळत होता. बटाटे सोलताना मी सांगायचं की नाही ते का ठरवत होते, आता कळलं असेल.

वडे झाले, माणसं आली, टेप लागली. पुन्हा तीच धडधड, पुन्हा तोच आरडाओरडा. श्रीधरने पडद्यावर आम्हाला शोधायचा प्रयत्न केला आणि कुणाच्या तरी लाल टोपीला मी म्हणून घोषित केलं. मग शेवटच्या फेऱ्या आल्या. जांभळी, हिरवी, पेट्रोल. आणि निवेदक अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, की जांभळ्या गाडीच्या ड्रायव्हरने मघाशीच आपला रेडिओ बंद केला आहे. त्याला शांतता हवी होती. शेवटच्या सगळ्या फेऱ्या तो कुणाशीही, एक शब्दही बोललेला नाही.

खोलीत कुणी वडा चावेना.

"वहिनी?" मिलिंद म्हणाला.

क्षणभर मला हर्षच झाला — म्हणजे सेलांचा दोष नव्हता तर! पण खरखरसुद्धा गेली होती, म्हणजे सेलही गेलेच होते, ते मला ठाऊक होतं. आणि असती तरी काय? मी बोलले ते बोललेच होते.

काका म्हणाले, "मागे घे रे टेप." पुन्हा ऐकलं. मग ते खुर्चीत पुढे सरकले आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "याला काय माहीत? हा वर काचेच्या खोलीत कोट घालून बसलेला. सुधाच्या कानाला होतं ते यंत्र." आणि माझ्याकडे वळले. "होय ना गं?"

मैदानातलं खोटं घाईत तोंडातून निघून गेलं असं म्हणता येईल. पण हे? माझ्याच दिवाणखान्यात, माझ्या सोफ्यावर, माझ्याकडे सरळ बघणारा बहात्तर वर्षांचा माणूस. त्याने प्रश्न विचारला आणि थांबला. भरपूर वेळ दिला.

मी म्हटलं, "होय, काका."

सगळे मोठ्याने हसले. त्या बिचाऱ्या निवेदकाची इतकी टर उडवली की विचारू नका. तो पुढे काही बोलला की मिलिंद ओरडायचा, "अरे तू गप बस, वहिनींना विचार!" मीही हसले. खरं हसले, तेच तर सांगते आहे. जाताना काकांनी हेडफोन रुमालासकट माझ्या हातात ठेवला. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पुढच्या वर्षी पुन्हा जॉर्जियाला जायचं, तेव्हा चालतो का ते बघून ठेव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी त्याच्या रेडिओतला सेलचा कप्पा उघडला. तेच सेल. फुगलेले, गळलेले, पांढरी बुरशी धरल्यासारखे. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून कप्पा साफ केला, तारेची टोकं खरवडली, नवे कोरे सेल घातले. खर्र असा आवाज आला. जुने सेल कागदात गुंडाळून, वर बटाट्याची सालं टाकून कचऱ्यात घातले. तेवढ्यात काकांचा फोन.

"काय गं, चालू झाला?"

"झाला, काका."

"बंद कधी पडला होता का तो?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

फोन ठेवला. श्रीधरसाठी उरलेले वडे गरम केले आणि कढई घासायला घेतली.