बरण्यांचा तक्ता

उन्हाळ्यात जो भारतात जातो, तो मागे राहणाऱ्याकडे किल्ली आणि कामं सोपवतो, ही आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या इमारतीतली पद्धत. यंदा समोरच्या फ्लॅटमधला तरुण पुण्याला निघाला. इथेच वाढलेला, नोकरीला लागल्यापासून एकटा राहणारा.

"काकू, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी. आणि आतल्या खोलीतल्या बरण्या रोज दहा मिनिटं उघड्या ठेवायच्या. बस, खलास."

"आहे काय त्यात?"

"चहाचे हर्ब्ज. घरीच लावलेत, ऑरगॅनिक!"

"आधी वरणभाताला कुकर लावायला शीक, मग चहाचे लाड कर."

मी तक्ता आखला. तारीख, वेळ, काम, सही. खोलीच्या दाराला आतून चिकटवला. चार वाजता जायचं ठरवलं.

त्या खोलीत पडदे ओढलेले आणि एसी चालू असे. कपड्यांच्या स्टँडवर हिरवट जुड्या उलट्या टांगलेल्या. मी आत गेले की त्या किंचित हलत. खाली सहा बरण्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. मुलगा व्यवस्थित आहे, असं वाटून बरं वाटलं होतं. झाकणं काढली की पहिले काही दिवस गवताचा वास यायचा. मग तो लिंबासारखा झाला, आणि त्याच्याखाली काहीतरी उग्र, अंगाला चिकटणारं. मोबाइलवर गजर लावून मी स्टुलावर बसून राही. त्या दहा मिनिटांत पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून पाहिलं की कपाट, आणि कपाटावर एक छोटा पांढरा स्पीकर. त्यावर निळा ठिपका.

आठव्या दिवशी घरी आले तेव्हा माझ्या मोज्याला एक वाळकं पान चिकटलं होतं. लेकीने ते उचललं.

"मम्मा, व्हेअर डिड यू गेट दिस?"

"समोरून. चहाचं आहे."

ती हसली नाही. मोबाइलवर एक चित्र शोधून तिने पानाशेजारी धरलं. तीच सात बोटं.

"इट्स वीड, मम्मा. हिअर पीपल गो टू जेल फॉर दिस."

गांजा. त्या मुलाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. आठवला तो माझा तक्ता. आठ ओळी, आठ वेळा, माझ्या अक्षरात, आठ सह्या.

तशीच उठून गेले. तक्ता ओरबाडून काढला, बरण्यांकडे पाहिलंही नाही. घरी येऊन कागदाचे आणि पानाचे तुकडे फ्लश केले. हात तीनदा धुतले. किल्ली पाकिटात बंद करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. चार वाजून दहा मिनिटांनी पुण्याहून मेसेज आला.

"काकू, आज बरण्या राहिल्या का? आणि काल तक्ता का फाडलात?"

मला कपाटावरचा तो निळा ठिपका आठवला. स्पीकर नव्हता तो. आठही दिवस मी वळून पाहिलं होतं. सरळ त्याच्याकडे.